धावावे किती, थांबावे केव्हा?

सन १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट नावाच्या वैद्याने एका चमत्कारिक विकाराची नोंद केली. लांब पल्ल्याची कूच झाल्यावर शिपायांचे पाय सुजत व ठणकत. परंतु मार लागल्याची खूण कोठेच आढळत नसे. १८९५ मध्ये रंटगेन ह्यांनी क्ष-किरण शोधून काढले आणि त्यानंतर दोनच वर्षांनी ह्या विकाराचे मूळ उघडकीस आले. शिपायांच्या पावलांतील लांबट हाडांना तडे गेलेले होते. मोठा आघात एकही नव्हता. लहान आघातांच्या पुनरावृत्तीनेच हाड खचले होते. धावणाऱ्यांच्या बहुतेक दुखापतींची जात हीच होय.

धावताना पाऊल जमिनीवर पडते तेव्हा त्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. मिनिटास १६० पावले धरली, तर अर्ध्या तासात ४,८०० पावले होतात. म्हणजे प्रत्येक पायास हा भार २,४०० वेळा सोसावा लागतो. ह्या भाराने हाड बळकटही होते. हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण होते, हे तत्त्व जर्मन शल्यविशारद यूलिउस वोल्फ ह्यांनी १८९२ मध्ये मांडले.

परंतु ह्या घडणीचा आरंभ पाडकामाने होतो. जीर्ण भिंत नव्याने बांधावयाची तर गवंडी आधी तिचे खिळखिळे दगड काढून टाकतो. त्याचप्रमाणे हाडातील काही पेशी झिजलेला भाग प्रथम कोरून काढतात. ह्यास सुमारे तीन आठवडे लागतात. मग दुसऱ्या पेशी तेथे नवे हाड भरतात. ह्या कामास तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात ती जागा दुबळी असते.

नवशिक्याची फसगत येथेच होते. काही आठवड्यांतच त्याचा दम वाढतो आणि त्याला अधिक धावावेसे वाटते. हाडे व कंडरा मात्र अद्याप मागेच असतात.

म्हणून आरंभी आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, वीस ते तीस मिनिटे धावणे पुरेसे आहे. मध्ये मध्ये चालावे, आणि बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे. दर आठवड्यास एकदशांशापेक्षा अधिक वाढ करू नये, असा एक नियम प्रचलित आहे. हॉलंडमधील ग्रोनिंगेन येथे तो पारखण्यात आला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगात ५३२ नवशिके होते. त्यांतील काहींनी ह्या नियमाने १३ आठवडे, तर इतरांनी नेहमीच्या रीतीने ८ आठवडे सराव केला. दोन्ही गटांत पाचांपैकी सुमारे एकास दुखापत झालीच. तात्पर्य, केवळ आकड्याच्या आधारावर विसंबून चालत नाही. शरीराची भाषाही ओळखावी लागते.

दोन्ही पायांचे स्नायू सारखेच आखडले व दोन-तीन दिवसांत मोकळे झाले, तर भिण्याचे कारण नाही. परंतु बोट ठेवून दाखविता येईल अशा एकाच जागी हाड दुखत असेल, धावण्याने ते दुखणे वाढत असेल अथवा रात्री विश्रांतीतही ठणका लागत असेल, तर धावणे तत्काळ थांबवून वैद्याचा सल्ला घ्यावा. अशा वेळी नेटाने धावत राहिल्यास बारीक तड्याचे रूपांतर पूर्ण अस्थिभंगात होऊ शकते.

विश्रांतीचा दिवस वाया जातो, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः धावण्याने केवळ मागणी नोंदविली जाते. पायांची खरी बांधणी होते ती पुरेशी झोप, पोटभर अन्न आणि त्या रिकाम्या वाटणाऱ्या दिवसांतच.