वर माणूस आहे!

गिरणीत दळण ठेवताना भिंतीवर काय काय दिसतं? देवाचा फोटो, दळणाचे भाव, ‘उधारी बंद’. पण मोटरजवळ कवटी आणि हाडांची लाल पाटी? देवगाव रंगारीतच कशाला, कुठल्याही गावच्या गिरणीत शोधून बघा. थ्री फेजची मोटर म्हणजे चारशे व्होल्टच्या वरचा मामला! २५० व्होल्टच्या वर वीज असेल तिथे धोक्याची पाटी हवी आणि ती जिल्ह्याच्या भाषेतही हवी, हा नियम १९५६ चा. पुढे २०१० आणि २०२३ च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांतही तो आला.

पण मैत्रिणींनो, पाटी फक्त आपल्यासाठी नसते. वायरमन फ्यूज काढून खांबावर चढतो. इकडे मोटर बंद पडली म्हणून एखादा शेतकरी डीपीपाशी येतो आणि किटकॅट परत बसवतो. कांद्याला पाणी द्यायची त्याला घाई. त्याचा तरी काय दोष? वर माणूस आहे हे अंधारात कळावं कसं? ‘काम चालू आहे, फ्यूज बसवू नका’ एवढी पाटी डीपीला अडकवली असती तर!

दुसरा धोका आपल्या घरातूनच जातो. लग्नघरी लाइट गेली की भाड्याचा जनरेटर येतो आणि वायर थेट घरच्या बोर्डात खुपसली जाते. मध्ये चेंजओव्हर स्विच नसेल तर ती वीज उलटी लाइनवर जाते. डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे चारशे करतो, तसाच तो उलटाही चालतो. आपल्या जनरेटरचे २३० व्होल्ट पलीकडे हजारोंनी निघतात. वायरमन बिचारा लाइन बंद समजून तारेला हात लावतो. म्हणून जाणता वायरमन आधी टेस्टर लावतो, तारांना अर्थिंग करतो, मगच कामाला लागतो. हातमोजे, हेल्मेट, सेफ्टी बेल्ट नियमात आहेतच. पण साध्या चपलेवर खांबावर चढणारे आपण सगळ्यांनीच पाहिलेत, नाही का? त्यांच्या घरीही कुणी जेवायला थांबलेलं असतं.

मांडवात जनरेटर येईल तेव्हा ‘चेंजओव्हर आहे का?’ हे घरातल्या बाईनेच विचारावं. पुरुषमंडळी तेव्हा वाजंत्रीच्या मागे असतात! घरच्या बोर्डावर कुठला स्विच मोटरचा, कुठला इन्व्हर्टरचा, ते ठळक मराठीत लिहून ठेवा. आणि डीपीचं दार उघडं दिसलं तर स्वतः लावायला जाऊ नका, पोरांना लांब ठेवा आणि १९१२ वर फोन करा.