डोईवरचा भार

दुःखात आशा कोठून येते, हा प्रश्न महाराष्ट्रातील ख्रिस्ती परंपरेला विचारावयाचा झाल्यास, माझ्या डोळ्यांपुढे आईच्या तिरडीखाली वाकलेली सोळा वर्षांची एक मुलगी उभी राहते. १८७४ च्या सुमारास, मद्रास इलाख्यातील दुष्काळात, अनंतशास्त्री डोंगरे यांचे पुराणिक कुटुंब तीर्थोतीर्थी उपाशी भटकत असता प्रथम वडील गेले, पाठोपाठ आई गेली. प्रेत उचलावयास माणसे मिळेनात. अखेर दोघा ब्राह्मणांना दया आली, तिसरा खांदा भावाने दिला आणि चौथी बाजू त्या मुलीने, रमेने उचलली. पण ती ठेंगणी, त्यामुळे तो भार तिला डोक्यावरच घ्यावा लागला. पुढे थोरली बहीण गेली, १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला, १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावीही गेले, आणि चोविसाव्या वर्षी पंडिता रमाबाईंच्या मांडीवर तान्ही मनोरमा तेवढी उरली.

१८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला खरा, परंतु धर्म लाभल्यावरही प्रत्यक्ष ख्रिस्त भेटावयास आणखी सुमारे आठ वर्षे लागली, हे त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवले आहे. सांत्वन पदरात पडल्याचा बहाणा न करता इतकी वर्षे वाट पाहणारी ही श्रद्धा मला फार मोलाची वाटते. योहानाच्या शुभवर्तमानात थोमापुढे उभा राहणारा पुनरुत्थित येशू हातांवरचे खिळ्यांचे व्रण घेऊनच येतो. मृत्यूवर जय मिळवूनही जखमा पुसल्या जात नाहीत, आणि त्याच जखमांवरून प्रभू ओळखू येतो, यातच मला ख्रिस्ती आशेचे मर्म दिसते.

म्हणूनच १८९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा सरकारी तजविजीवर भरवसा न ठेवता रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. उपाशी मुलीचे डोळे कसे दिसतात हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. केडगावचा त्यांचा आश्रम, मुक्तिसदन, त्यातून वाढला. गुजरातच्या दुष्काळानंतर तर तेथील संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. आंधळ्यांसाठी त्यांनी उघडलेल्या सदनाला बार्तीमयाचे नाव दिले, यरीहोच्या वाटेवर येशूला हाका मारणाऱ्या त्या आंधळ्या भिकाऱ्याचे.

 

रमाबाईंच्या वाट्याला शेवटचा घाव १९२१ साली आला, मनोरमेच्या मृत्यूचा. तेव्हा बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे, त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून हाती घेतलेले काम शेवटाला आले होते. मुलीमागे त्या वर्षभरही जगल्या नाहीत. पण तेवढ्या अवधीत त्यांनी ते काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला, आणि १९२४ साली ते संपूर्ण बायबल केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले, आश्रमातल्या बायकांनी एकेक खिळा जुळवून छापलेले.