पोंगच्या गाळपेरीतले राजहंस

धरणाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या ओलसर जमिनीत बी टाकायचं, याला आपल्याकडे गाळपेर म्हणतात. उजनी-जायकवाडीच्या काठावर ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. हिमाचलातल्या पोंग जलाशयाचं सगळं भांडण या एका शब्दात मावतं. एका बाजूला धरणग्रस्त शेतकरी, दुसऱ्या बाजूला हंस.

कांगडा जिल्ह्यात, बियास नदीवरच्या मातीच्या धरणामागे हे पाणी पसरलं आहे. सरकारी नाव महाराणा प्रताप सागर. 1974 मध्ये धरण पुरं झालं, 1983 मध्ये जलाशयाचं अभयारण्य झालं आणि 2002 मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत त्याचं नाव गेलं. उत्तरेला धौलाधारची बर्फाची भिंत, खाली निळं पाणी. फोटो सगळे याचेच काढतात. पण पोंगची खरी गंमत पाण्याच्या कडेला, चिखलात आहे.

पावसाळ्यात जलाशय तुडुंब होतो. मग पंजाब, हरियाणा, राजस्थानकडे पाणी सुटत राहतं आणि हिवाळाभर काठ मागे मागे सरकतो. नगरोटा सूरियांच्या बाजूला मैलोन्‌मैल सपाट गाळ उघडा पडतो, त्यावर कोवळं गवत उगवतं. नेमक्या याच सुमारास तिबेट, मंगोलियाकडून पट्टकादंब उतरतात. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, म्हणून पट्टेरी राजहंस हेही नाव. एव्हरेस्टवरून उडणारा पक्षी अशी त्याची ख्याती. संशोधकांनी अंगावर यंत्रं बांधून घेतलेल्या नोंदींत सर्वाधिक उंची 7,290 मीटर निघाली. एरवी तो डोंगराच्या चढउताराला धरून, जमेल तितका खालूनच उडतो. मला ही काटकसर एव्हरेस्टच्या कथेपेक्षा जास्त आवडते. विरळ हवेतला प्राणवायू घट्ट धरून ठेवणारं रक्त असलं, तरी उगाच उंच जायची हौस त्याला नाही.

हंस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाणी येतं, पण हा मुळात चरणारा पक्षी. मासे खात नाही, बुड्या मारत नाही. गाईगुरांसारखं गवत ओरबाडतो. पाणी त्याला विसाव्याला आणि कोल्ह्याकुत्र्यांपासून जपायला लागतं, पोट मात्र जमिनीवर भरतं. माणसांचा वावर जास्त असेल तिथे तो रात्री चरतो आणि दिवस पाण्याकाठी काढतो. पोंगवर एकेका हिवाळ्यात चाळीस-पन्नास हजार पट्टकादंब मोजले गेले आहेत. आपल्या जायकवाडीला, नांदूर मध्यमेश्वरला येणारे थवे त्यापुढे किरकोळ वाटतात.

आता गाळपेरीतल्या गव्हाकडे येऊ. या जलाशयाखाली तीनशेहून अधिक गावं गेली, वीस हजारांवर कुटुंबं उठली. त्यांना राजस्थानात कालव्याखालची जमीन मिळायची होती. अनेकांना ती मिळालीच नाही. काहींना मिळाली, पण तिथे टिकता आलं नाही. अशांच्या डोळ्यांदेखत दर हिवाळ्यात जुनी जमीन वर येते, तीही वर्षाच्या ताज्या गाळासकट. अभयारण्यात पेरणीला मनाई आहे, तरी ट्रॅक्टर उतरतात आणि गहू उगवतो. हंसांना गवत आणि गव्हाचं कोवळं पान यांतला फरक मान्य नाही. मग हाकारे होतात, कुंपणं पडतात, कुणी पाचट पेटवतं, फवारे मारले जातात. पक्षीप्रेमी शेतकऱ्याला अतिक्रमक म्हणतात. कायद्याने तो आहेच. पण ज्याचं गाव पाण्याखाली आहे त्याला हा शब्द कसा ऐकू येत असेल?

वन खात्यापुढचं कोडं म्हणूनच अवघड आहे. पेरणी थांबवायची तर पोटाचा प्रश्न पुढे येतो. डोळेझाक करायची तर चराईचं गवत जातं आणि औषधं चिखलात मुरतात. शिवाय काठ कधी, किती मागे सरकणार हे वन खात्याच्या हातात नाही; ते धरण चालवणारे ठरवतात.

त्यात 2020 च्या डिसेंबरअखेर काठावर मेलेले हंस दिसू लागले. भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचं निदान केलं. मासेमारी, पर्यटन बंद झालं, कर्मचारी संरक्षक पोशाख घालून मेलेले पक्षी उचलून पुरत राहिले. त्या हिवाळ्यात हजारो पक्षी गेले आणि त्यांत बहुसंख्य पट्टकादंबच होते. दाटीने चरणं, दाटीने झोपणं ही त्यांची सवय रोगाच्या पथ्यावर पडते. 2005 मध्ये चीनमधल्या चिंगहाई सरोवरावरही याच जातीला मोठा फटका बसला होता. तरी 2020-21 च्या त्याच हंगामातल्या गणनेत पोंगवर 40 हजारांहून अधिक पट्टकादंब भरले.

मार्चपासून थवे उत्तरेकडे निघतात. त्याच दिवसांत पाणी आणखी उतरतं आणि वर्षातले आठेक महिने बुडालेली ‘बाथू की लडी’ ही जुनी देवळं कोरडी होतात. होड्या येतात, पर्यटक येतात. पलीकडे, हंसांनी खाऊन उरलेला गहू तोवर पिवळा पडू लागलेला असतो आणि पाणी पुन्हा चढायच्या आत तो कापायची घाई असते.