दात कोरून पोट भरणारी विद्या

‘दात कोरून पोट भरत नाही’ अशी एक म्हण मराठीत आहे. क्षुल्लक काटकसरीने मोठी गरज भागत नाही, हा तिचा लाक्षणिक अर्थ सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु शब्दशः अर्थ घेतला, तर मात्र ही म्हण आज खरी राहिलेली नाही. एकट्या अमेरिकेत दोन लाखांहून अधिक माणसे दुसऱ्यांचे दात कोरून, घासून आणि तपासून आपला चरितार्थ सन्मानाने चालवीत आहेत. त्यांना तेथे डेंटल हायजिनिस्ट म्हणतात. या कामाकरिता विद्यापीठाची पदवी आहे आणि त्या पदवीच्या वर्गात जागा मिळविण्यासाठी विद्यार्थ्यांत मोठी चुरस असते, हे ऐकले म्हणजे प्रथम आश्चर्य वाटते. दात स्वच्छ करावयास विद्यापीठ कशाला, असा प्रश्न मनात येतो. या प्रश्नाचे उत्तर त्या वर्गाच्या प्रवेशाच्या अटींतच दडलेले आहे. कोणाला आत घ्यावयाचे आणि का, हे ठरविताना त्या विद्येने स्वतःचेच स्वरूप ठरविले आहे.

प्रथम हे काम काय आहे ते पाहिले पाहिजे. माणसाचे दात मुख्यतः दोन कारणांनी जातात. एक कीड आणि दुसरे हिरड्यांचे रोग. दात घासल्यावर थोड्याच तासांत त्यांवर जंतूंचा एक चिकट, पातळ थर पुन्हा जमू लागतो. तो वेळीच निघाला नाही, तर लाळेतील क्षार त्यात साठून त्याचे कठीण कीटण बनते. हे कीटण मग कितीही घासले तरी ब्रशने निघत नाही. त्याच्या आश्रयाने हिरडी सुजते, तिच्यातून रक्त येते आणि दाताला धरून ठेवणारे हाड हळूहळू झिजू लागते. यातील दुर्दैवाचा भाग असा, की हे सर्व बहुधा वेदनेवाचून चालते. दात किडलेला नाही, दुखतही नाही. पण एके दिवशी तो हलू लागतो आणि तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो.

मोडलेले सावरणे, किडलेले भरून काढणे किंवा उपटणे हे दंतवैद्याचे काम होय. हायजिनिस्टचे काम त्याच्या आधीचे आहे. ती एका बारीक मापनशलाकेने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीची खाच मोजते. बत्तीस दात असतील तर ही मोजमापे एकशे ब्याण्णव होतात. निरोगी हिरडीत ही खोली साधारणपणे एक ते तीन मिलिमीटर भरते. त्याहून अधिक भरली तर रोग आत शिरला असे समजावे. त्यानंतर हिरडीखाली, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, वक्र धारेच्या हत्याराने कीटण खरवडून काढावयाचे असते. तेथे नजरेपेक्षा बोटांच्या अग्रांवर विसंबावे लागते. तोंडाच्या मागील भागातील दात तर लहानशा आरशातील उलट्या प्रतिबिंबात पाहूनच साफ करावे लागतात. शिवाय, माणसाने घरी गेल्यावर काय करावे हे त्याला पटेल अशा रीतीने सांगणे, हाही या कामाचा एक मोठा भाग आहे.

या व्यवसायाची कल्पना मूर्त स्वरूपात आणली ती डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी. कनेटिकट राज्यातील ब्रिजपोर्ट शहरी ते दंतवैद्यकी करीत. सारे आयुष्य दातांची डागडुजी करण्यात घालविण्यापेक्षा ते बिघडूच नयेत अशी व्यवस्था करणे अधिक शहाणपणाचे, असे त्यांचे मत झाले होते. १९०६ साली त्यांनी आपल्या नात्यातील व आपल्याच दवाखान्यात मदतनीस असलेल्या आयरीन न्यूमन यांना हे काम शिकविले. पुढे १९१३ सालच्या नोव्हेंबरात त्यांनी यासाठी जगातील पहिली शाळा काढली. ‘डेंटल हायजिनिस्ट’ हे नावही त्यांचेच. पहिल्या तुकडीतून १९१४ साली सत्तावीस स्त्रिया उत्तीर्ण झाल्या. १९१५ साली कनेटिकटने या व्यवसायासाठी परवान्याचा कायदा केला, आणि पहिला परवाना १९१७ साली आयरीन न्यूमन यांना मिळाला.

त्या पहिल्या वर्गात कोण होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्यात शाळांतील शिक्षिका होत्या, शिकलेल्या परिचारिका होत्या, दवाखान्यांत काम केलेल्या मदतनीस होत्या आणि काही दंतवैद्यांच्या पत्नीही होत्या. फोन्स यांची दृष्टी प्रथमपासून शाळकरी मुलांवर होती. वर्गावर्गांतून जाऊन मुलांचे दात साफ करावे आणि त्यांना चांगल्या सवयी लावाव्यात, अशी त्यांची योजना होती व ब्रिजपोर्टच्या शाळांत ती अंमलातही आली. अशा कामाला हाताचे कौशल्य हवे, तसेच मुलांशी बोलण्याची हातोटी आणि रुग्णाविषयीचा धीरही हवा. आजच्या प्रवेशाच्या अटींत याच तीन गोष्टी निराळ्या वेषाने वावरताना दिसतात. एक उणीव मात्र त्या आरंभातच राहून गेली होती. हे काम स्त्रियांचेच, असे गृहीत धरून पुरुषांना त्यातून वगळण्यात आले होते. या शिक्षणक्रमातून पहिला पुरुष बाहेर पडला तो १९६५ साली, न्यू मेक्सिको विद्यापीठातून.

खाजगी शाळेतून विद्यापीठात जाण्याचा या विद्येचा प्रवासही लवकरच सुरू झाला. १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हे वर्ग निघाले. त्याच वर्षी बॉस्टनच्या फॉरसिथ दंतरुग्णालयात, म्हणजे मुलांसाठी असलेल्या धर्मादाय संस्थेत, हायजिनिस्टांची शाळा सुरू झाली. याच फॉरसिथशी भारताचाही एक धागा जुळलेला आहे. डॉ. रफिउद्दीन अहमद हे १९१५ साली आयोवा विद्यापीठाचे दंतवैद्यकाचे पदवीधर झाले. काही काळ फॉरसिथमध्ये काम करून ते मायदेशी परतले आणि १९२० साली त्यांनी कलकत्त्यास भारतातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय काढले. फोन्स यांच्या नावाची शाळा पुढे १९४९ साली ब्रिजपोर्ट विद्यापीठात नव्याने सुरू झाली.

आज अमेरिकेत या विषयाचे तीनशेहून अधिक मान्यताप्राप्त शिक्षणक्रम आहेत. त्यांत दोन पायऱ्या आहेत. बहुसंख्य शिक्षणक्रम कम्युनिटी कॉलेजांत असून त्यांतून सहयोगी पदवी मिळते. तिची मुदत नावाला दोन वर्षांची. परंतु आधी पुऱ्या कराव्या लागणाऱ्या विषयांमुळे प्रत्यक्षात बहुधा तीन वर्षे लागतात. दुसरी पायरी विद्यापीठाच्या चार वर्षांच्या स्नातक पदवीची. नवख्या माणसास चकित करणारी गोष्ट ही, की व्यवसायाचा परवाना दोन्ही पायऱ्यांवरून सारखाच मिळतो. मग चार वर्षे का घालवावीत? जिला केवळ दवाखान्यात काम करावयाचे आहे, तिला पहिली पायरी पुरेशी आहे. परंतु पुढे शिकवावयाचे असेल, सार्वजनिक आरोग्याच्या योजनांत काम करावयाचे असेल, संशोधन किंवा पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे असेल, तर स्नातक पदवीवाचून वाट अडते. सहयोगी पदवी घेऊन नोकरीला लागलेल्यांना उरलेला अभ्यास नंतर पुरा करण्याची सोयही अनेक विद्यापीठांत आहे.

प्रवेशाची तयारी अर्ज भरण्याच्या पुष्कळ आधी सुरू होते. शरीररचना व शरीरक्रिया, रसायन आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय प्रयोगशाळेसह आधीच उत्तीर्ण व्हावे लागतात. त्यांच्या जोडीला इंग्रजी लेखन, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि भाषणकला हे विषयही बहुतेक ठिकाणी मागितले जातात. शास्त्रविषयांचे प्रयोजन सहज ध्यानात येते. हिरडीखाली हत्यार घालणाऱ्या व्यक्तीस तेथील शिरा, मज्जातंतू आणि जंतू यांची माहिती हवीच. रुग्णास मधुमेह आहे काय, रक्त पातळ करणारे औषध चालू आहे काय, हे तिला विचारता व समजता आले पाहिजे. मानसशास्त्र व भाषणकला यांचे प्रयोजन तितकेच खरे आहे. घाबरलेल्या मुलाचे तोंड उघडविणे आणि प्रौढ माणसाची वीस वर्षांची तंबाखू सोडविणे ही कामे हत्याराने होत नाहीत.

गुणांची सरासरी पाहताना अनेक संस्था शास्त्रविषयांतील गुणांना अधिक वजन देतात. हे विषय फार वर्षांपूर्वी झालेले असतील, तर काही ठिकाणी ते पुन्हा करावे लागतात. एखाद्या हायजिनिस्टच्या शेजारी उभे राहून काही तास काम पाहिल्याचा दाखला, शिक्षकांची शिफारसपत्रे, स्वतःच्या हेतूविषयी निबंध आणि मुलाखत, अशाही गोष्टी संस्थेसंस्थेनुसार मागितल्या जातात. परदेशी विद्यार्थ्यास इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते आणि आपल्या गुणपत्रिकांचे अमेरिकन पद्धतीने मूल्यमापन करून घ्यावे लागते.

एवढे करूनही जागा मिळेलच असे नाही. या वर्गांतील जागा मुळातच थोड्या असतात, आणि त्याचे कारण अडवणूक हे नव्हे. प्रत्येक विद्यार्थिनीस जिवंत माणसाच्या तोंडात काम करावयाचे असते. त्यासाठी तिला स्वतंत्र खुर्ची लागते आणि एका अध्यापकाच्या देखरेखीखाली मोजकेच विद्यार्थी ठेवावे लागतात. व्याख्यानाच्या दालनात आणखी पन्नास बाके मांडता येतात, तशी येथे सोय नाही. म्हणून पहिल्या वर्षी नकार आलेली विद्यार्थिनी गुण सुधारून दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज करते, हे तेथे नित्याचे आहे.

प्रवेशाच्या धांदलीत एक गोष्ट मात्र अनेकदा नजरेआड होते आणि तिची किंमत सर्वांत मोठी असते. ती म्हणजे संस्थेची मान्यता. अमेरिकेत कमिशन ऑन डेंटल अॅक्रेडिटेशन ही संस्था शिक्षणक्रमांची तपासणी करून मान्यता देते. शिक्षणक्रम संपल्यावर १९६२ पासून चालत आलेली राष्ट्रीय लेखी परीक्षा, त्यानंतर हातांच्या कौशल्याची परीक्षा आणि शेवटी त्या त्या राज्याचा परवाना, असा क्रम आहे. बहुतेक राज्यांत हा परवाना मान्यताप्राप्त शिक्षणक्रमातून उत्तीर्ण झालेल्यांनाच मिळतो. मान्यता नसलेल्या ठिकाणी घालविलेली वर्षे आणि ओतलेला पैसा पुष्कळदा परत मिळत नाही. म्हणून शुल्क, वसतिगृह, शहर यांची चौकशी करण्यापूर्वी ही एक चौकशी केली पाहिजे.

भारतात या व्यवसायाला कायद्याने स्थान दिले ते १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने. जी व्यक्ती दंतवैद्य नाही, परंतु दातांवरील कीटण काढते, दात स्वच्छ करून त्यांना झिलई देते किंवा दंतस्वच्छतेचे शिक्षण देते, ती डेंटल हायजिनिस्ट, अशी व्याख्या त्या कायद्यात करण्यात आली. त्या कायद्याच्या जागी यावयाचा राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला. आपल्याकडील रूढ शिक्षणक्रम दोन वर्षांच्या पदविकेचा असून बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र घेतलेल्यांसाठी तो आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने या विषयाची बी.एस्सी. पदवीही सुरू केली असून तिच्यासाठी प्रवेशपरीक्षा असते. तरीही आपल्या बहुतेक दवाखान्यांत कीटण काढण्याचे काम दंतवैद्यच करतात, आणि हा व्यवसाय पुष्कळांना नावानेही ठाऊक नसतो.

त्यामुळे आपल्या विद्यार्थ्यांचा एक गैरसमज होण्याचा संभव असतो. बी.डी.एस.ला जागा मिळाली नाही, तर हायजिनिस्ट व्हावे आणि मागच्या दाराने दंतवैद्य व्हावे, असे काहींना वाटते. असे मागचे दार भारतात नाही आणि अमेरिकेतही नाही. हायजिनिस्टची पदवी घेतलेल्या व्यक्तीस दंतवैद्य व्हावयाचे झाल्यास तिला त्या शिक्षणाचा प्रवेश नव्याने मिळवावा लागतो. तसेच, येथील पदविका घेऊन परदेशात सरळ काम करता येईल ही अपेक्षाही बहुधा फोल ठरते. ज्या देशात राहावयाचे, त्या देशाचा परवाना कोणत्या शिक्षणावर मिळतो, हे आधी पाहूनच पाऊल टाकावे.

मुलाखतीत उमेदवारास बहुधा विचारले जाते, की तुला दंतवैद्य न होता हायजिनिस्टच का व्हावयाचे आहे? या प्रश्नाला पाठ केलेले उत्तर फारसे टिकत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकामागून एक माणसे खुर्चीवर येणार. त्यांच्या तोंडात कसलेही नाट्य घडणार नाही. आणि काम उत्तम झाले याची खूण एवढीच, की पुढील पंचवीस वर्षांत त्या माणसाला काहीच झाले नाही. अशा न दिसणाऱ्या यशात ज्याला समाधान वाटते, त्याच्यासाठी हे दार आहे. शिक्षिका आणि परिचारिका यांनी भरलेल्या ब्रिजपोर्टच्या त्या पहिल्या वर्गाला हे समाधान ठाऊक होते. दात कोरून त्यांचे पोट तर भरलेच. पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या शाळकरी मुलांना म्हातारपणीही चणे खाता यावेत, हा त्यांच्या कामाचा खरा हेतू होता.