गाडीला एकच तार कशी?

करी रोडच्या आमच्या चाळीत संध्याकाळी मी पाचवी-सहावीच्या मुलांचा अभ्यास घेतो. मी कला शाखेचा. पण मुले विज्ञानाचे पुस्तकही पुढे करतात. एकदा ‘साधा विद्युत परिपथ’ हा पाठ निघाला. विद्युतघट, तार, कळ, दिवा ही नावे सर्वांना तोंडपाठ होती. मी टॉर्चचा एक सेल, लहान बल्ब आणि तारेचा तुकडा पुढे ठेवून म्हटले, “पेटवा बघू!” बहुतेकांनी तारेचे एक टोक सेलला व दुसरे बल्बच्या बुडाला लावले. दिवा लागला नाही.

मुलांना हसण्याचे कारण नाही. १९९७ सालच्या ‘माइंड्स ऑफ अवर ओन’ या अमेरिकन माहितीपटात एमआयटीच्या नव्या पदवीधरांपुढे हेच साहित्य ठेवले, तेव्हा त्यांतील कित्येक जण अडखळले! समजूत नळाची असते. पाणी एका नळाने येते आणि बादलीत साठते. तशी वीज एका तारेने येऊन दिव्यात संपत असेल, असे वाटते.

म्हणून आधी बल्बच नीट पाहावा. त्याला संपर्काच्या दोन जागा असतात : बुडाचा ठिपका आणि भोवतीचे धातूचे वेष्टन. या दोहोंना आतली बारीक तार जोडते. सेललाही दोन टोके : उंचवट्याचे धन, सपाट बुडाचे ऋण. बल्बचा ठिपका उंचवट्यावर टेकवावा आणि वेष्टनापासून सेलच्या बुडापर्यंत तार न्यावी. दिवा लागतो, कारण वाट फिरून जिथून निघाली तिथे पोचली. कळ म्हणजे या वाटेत मुद्दाम ठेवलेली फट.

येथे भाषाही घोटाळा करते. घरात ‘दिवा बंद’ म्हणजे विझलेला. पुस्तकात ‘बंद परिपथ’ म्हणजे पूर्ण झालेला, दिवा पेटवणारा. त्यापेक्षा ‘पूर्ण’ आणि ‘तुटलेला’ हे शब्द मुलांना चटकन उमगतात.

सगळे पटले असे वाटत असतानाच एका मुलीने विचारले, “दादा, मग स्टेशनात गाडीवर एकच तार कशी?” मला उत्तर येईना. “उद्या सांगतो,” म्हटले आणि कॉलेजचे ग्रंथालय गाठले.

दुसरी तार आपल्या डोळ्यांसमोरच असते : रूळ! वरच्या तारेतून वीज गाडीच्या छतावरील पँटोग्राफमधून आत येते, मोटारींसाठी काम करते आणि चाकांतून रुळांत उतरून उपकेंद्राकडे जाते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली, तेव्हा दाब १५०० व्होल्ट होता व प्रवाह एकदिश. आज दाब २५,००० व्होल्ट आहे आणि प्रवाह सतत दिशा बदलतो. तरी वाट पूर्णच लागते.

प्रयोग मात्र दीड व्होल्टच्या सेलवरच करावा. घरातील २३० व्होल्टचा प्लग जीव घेऊ शकतो, हे मुलांना पहिल्याच दिवशी बजावावे.

‘परि’ म्हणजे सभोवार, ‘पथ’ म्हणजे वाट. परिक्रमा जिथून सुरू होते तिथेच संपते. शब्दातच अर्धा पाठ आहे. पण तो दिवा पेटल्यानंतर सांगावा. नावे आधी पाठ झाली की मुलांना आता विचारण्यासारखे काही उरले नाही असे वाटते. त्या मुलीने विचारले नसते, तर मीही रोज त्या रुळांवरून प्रवास करून अडाणीच राहिलो असतो.