घरची यंत्रकरवत : निवड आणि निगा

मे २०२१च्या मध्यास तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्यालगतून उत्तरेकडे सरकले. राज्यभर झाडे उन्मळून पडली, वीजवाहिन्या तुटल्या आणि अनेक गावांना अंधारात दिवस काढावे लागले. अशा वेळी अग्निशमन दलाचे जवान अहोरात्र राबत असतात. पण जागोजागी एकाच रात्री झाडे आडवी झाली की प्रत्येक वाडीची पाळी लगेच येत नाही. शेजारच्या घरी पेट्रोलवर चालणारी यंत्रकरवत आहे का, याची तेव्हा चौकशी सुरू होते. बाजारात हिला ‘चेन सॉ’ म्हणतात, बोलण्यात नुसते ‘कटर’. पेडणे व डिचोली तालुक्यांतील अनेक बागायतदारांकडे ती आज असते. ती असूनही ऐन वेळी सुरू होत नाही, हाही अनुभव तितकाच सार्वत्रिक आहे.

याचे कारण तिच्या वापरातच आहे. काजूचा हंगाम, भट्टीसाठीचे सरपण, कुळागरातील साफसफाई एवढ्यापुरती ती वर्षातून मोजके दिवस चालते आणि उरलेला काळ पडवीत पडून राहते. मग मुसळधार पावसात, वीज गेलेली असताना, वाटेवर आडव्या झालेल्या झाडासाठी तिची आठवण होते. म्हणून करवत निवडताना आणि सांभाळताना तिच्या चालण्यापेक्षा तिच्या पडून राहण्याचा विचार अधिक करावा लागतो.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असतो तो इंजिन किती सीसीचे, हा. घरगुती कामाला ३५ ते ४५ सीसीचे इंजिन आणि १६ इंची पट्टी पुरेशी होते. पट्टी म्हणजे जिच्याभोवती साखळी फिरते ते पाते. दुकानदार त्याला ‘बार’ म्हणतात. पट्टीच्या लांबीहून जाड खोडही दोन्ही बाजूंनी कापता येते, त्यामुळे फणसाचे किंवा आंब्याचे आडवे पडलेले खोड १६ इंची पट्टीने सहसा निभावते. ५८ सीसी आणि २२ इंची पट्टीची स्वस्त यंत्रे मोहात पाडतात खरी. पण काजूच्या उतारावर, ओल्या पाचोळ्यात पाय रोवून अर्धा तास तसले धूड पेलणे हे सवयीच्या लाकूडतोड्याचे काम आहे. थकलेल्या हातातच करवत अधिक धोकादायक ठरते.

सीसीपेक्षा मोलाचा प्रश्न सुट्या भागांचा. या यंत्राची साखळी, पट्टी, कार्बुरेटरचा पडदा, सुरू करण्याची दोरी म्हापशात किंवा डिचोलीच्या बाजारात मिळते का, हे पैसे मोजण्यापूर्वी विचारावे. साखळीची मापे तीन असतात : कड्यांमधील अंतर, पट्टीच्या खाचेची रुंदी आणि कड्यांची संख्या. ती बहुधा पट्टीवर कोरलेली असतात. ती वहीत उतरवून ठेवावीत. साखळी क्षणात थांबवणारा ब्रेक, तुटलेली साखळी अडवणारा खुंट आणि चुकून वेग वाढू नये म्हणून असलेला कळीचा अडसर, या तीन गोष्टी नसलेले यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. विजेवरच्या करवती हलक्या आणि कमी कटकटीच्या असतात. मात्र वादळानंतर वीजच नसते. बॅटरीवरची करवत फांद्यांना उत्तम, जाड खोडापुढे तिची बॅटरी लवकर उतरते. तेवढ्यासाठी पेट्रोल अजून अपरिहार्य आहे.

आता साखळीकडे वळू. करवतीचे खरे काम इंजिन करत नाही, साखळी करते. तिच्या दातांचा इतिहास काजूच्या बागायतदाराला जवळचा वाटावा असा आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६मध्ये एक भुंगेऱ्याची अळी ओंडका पोखरताना पाहिली. तिचे जबडे आळीपाळीने डावीकडे व उजवीकडे लाकूड कुरतडत होते. त्यावरून त्याने एक दात डावा, एक उजवा अशी साखळी बनवली आणि आजच्या बहुतेक साखळ्या त्याच धर्तीच्या आहेत. आपल्याकडे काजूचे खोड आतून पोखरून झाड वाळवणारा रोठा हा त्याच कुळातला, लांब मिशांच्या भुंगेऱ्यांपैकी. रोठ्याने मारलेला काजू ज्या यंत्राने कापला जातो, त्या यंत्राचे दात रोठ्याच्या भावबंदाकडूनच घेतलेले आहेत.

अळीचे जबडे बोथट होत नाहीत, आपली साखळी होते. धारदार साखळी लाकडाचे जाडसर कपटे उडवते. पिठासारखा बारीक भुसा पडू लागला, करवत दाबावी लागली, कापातून धूर आला किंवा काप एका बाजूला सरकू लागला की धार गेली असे समजावे. गोव्यात ती लवकर जाते. माडाच्या खोडाची बाहेरची बाजू कठीण, त्यात सिलिकाचा अंश, आणि तंतू साखळीत अडकतात. खाण पट्ट्यात रस्त्याकाठच्या झाडांच्या सालीत लाल धूळ बसलेली असते; तिथे कापायच्या रेषेवरची साल आधी कोयत्याने काढून टाकावी. जमिनीवरचे खोड कापताना खाली जांभा असेल तर एका क्षणाच्या स्पर्शाने सगळे दात बसतात. खोडाखाली आधी एखादा ओंडका सारावा आणि मगच करवत लावावी.

धार घरी लावता येते, आणि लावावी. त्यासाठी साखळीच्या मापाचीच गोल कानस हवी. लहान करवतींना बहुधा ४ किंवा ४.८ मिलिमीटर व्यासाची लागते. दाताच्या आतून बाहेरच्या दिशेला, दातावर कोरलेल्या तिरक्या रेषेशी समांतर, कानस फक्त पुढे सरकवायची. मागे ओढताना उचलून घ्यायची. प्रत्येक दाताला सारखेच घाव द्यायचे, नाहीतर काप वाकडा जातो. दर दातापुढे एक छोटा उंचवटा असतो. दात किती खोल रुतावा हे तो ठरवतो. काही वेळा धार लावल्यावर तो पट्टकानसीने किंचित उतरवावा लागतो. दाताच्या टोकापेक्षा तो साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा. घाईत जास्त उतरवला तर करवत हिसके देऊ लागते.

साखळीला स्वतंत्र तेल लागते. त्याऐवजी गाडीचे जळके ऑइल घालण्याची सवय सर्रास दिसते. त्यात धातूचे कण असतात, ते पट्टीची खाच झिजवतात. शिवाय हे तेल उडते ते थेट कुळागराच्या मातीत आणि पाटाच्या पाण्यात.

इंधनाची बाजू अलीकडे अधिक नाजूक झाली आहे. जुन्या स्कूटरप्रमाणे या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. चांगल्या ऑइलसाठी हे प्रमाण बहुधा पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर असते. काही स्वस्त यंत्रांना लिटरला ४० मिलिलिटर लागते. माहितीपुस्तिका सांगेल तेच खरे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, तर अनेक करवतींच्या पुस्तिकांत १० टक्क्यांची मर्यादा दिलेली असते. खरेदीवेळी हे स्पष्ट विचारून घ्यावे. इथेनॉल हवेतील ओल शोषतो आणि कोकणच्या पावसाळ्यात ओलीला तोटा नाही. जुन्या मिश्रणात पाणी खाली बसते, कार्बुरेटरचे पडदे कडक होतात, आणि दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ येते. मिश्रण लागेल तेवढेच करावे, महिन्याहून जुने वापरू नये.

करवत ठेवून देताना टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, एअर फिल्टर धुऊन वाळवावा, साखळी तेलात बुडवून डब्यात ठेवावी. गोणपाटात गुंडाळण्याची पद्धत वाईट. गोणपाट ओल धरते. कोरड्या जागी, जमिनीपासून उंच टांगलेली बरी. मृगापूर्वी एकदा ती बाहेर काढून ताज्या मिश्रणावर पाच मिनिटे चालवावी, ब्रेक लागतो का ते पाहावे आणि एक धार लावलेली जादा साखळी तयार ठेवावी.

पडलेले झाड शांत दिसते, पण ते ताणाखाली असते. दोन्ही टोकांना टेकलेल्या खोडाची वरची बाजू दबलेली असते. तिथे आधी वरून तिसरा हिस्सा कापून मग खालून काप घ्यावा. एक टोक अधांतरी असेल तर क्रम उलटा. मुळांसकट उपटलेले खोड कापल्यावर मातीचा गड्डा झटक्यात मागे बसू शकतो. त्याच्या पाठीशी कोणी उभे राहू नये. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर करवत उसळून तोंडावर येते, म्हणून टोकाने कापणे टाळावे. लुंगी आणि चप्पल घालून हे काम करू नये. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण, पायात बूट हवेतच. झाड वीजवाहिनीवर पडले असेल तर करवत घरातच ठेवावी आणि वीज खात्याच्या १९१२ क्रमांकावर कळवावे.

उभ्या झाडाची गोष्ट आणखी वेगळी. गोव्यात १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली ते तोडण्यास वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, झाड स्वतःच्या भाटात असले तरीही. २०१६मध्ये माडाला कायद्यातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळले होते. लोकांचा विरोध झाल्यावर त्याला पुन्हा संरक्षण मिळाले. तरीही ‘माडाला परवाना लागत नाही’ हे वाक्य अजून ऐकू येते. घरावर झुकलेले झाड स्वतःच्या यंत्राने पाडण्याचा विचारही करू नये. परवानगी घेऊन ते दोर बांधून, वरून तुकड्यातुकड्याने उतरवणाऱ्या जाणत्या माणसांकडे सोपवावे, आणि घरची करवत ते जमिनीवर आल्यावरच हातात घ्यावी.