चिठ्ठी कोणी काढली? संघाचा निकाल, आपल्या अपेक्षा आणि सामन्यांचं वेळापत्रक



पावसाळा लागला की आपल्या शिरूर-दौंड पट्ट्यात शालेय क्रीडा स्पर्धांची धावपळ सुरू होते. मी मुळात गणिताचा शिक्षक, पण शाळेत वेगळे क्रीडाशिक्षक नसल्यामुळे फुटबॉलचा संघ घेऊन जाणं माझ्याच वाट्याला येतं. मागच्या एका स्पर्धेत आमचा १७ वर्षांखालील मुलांचा संघ घेऊन गेलो होतो. खरं सांगायचं तर आमच्याकडून कोणालाच काही अपेक्षा नव्हती, मलासुद्धा नाही. पण पोरांनी पहिला सामना जिंकला! तासाभरात दुसरा सामना लागला. समोरचा संघ सकाळपासून लिंबाच्या झाडाखाली बसून होता, कारण त्यांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली होती. आमची पोरं चिखलात पळून दमलेली. शेवटच्या पाच मिनिटांत गोल बसला आणि ०-१ ने आम्ही घरी.

परतताना गाडीत एक पालक म्हणाले, "सर, लॉट्स मॅनेज होते. दिसत नाही का तुम्हाला?" गाडीत सगळे गप्प झाले. मग आमचा कर्णधारच हळूच म्हणाला, "काका, चिठ्ठी तर मीच काढली होती."

त्या एका वाक्यावर मी पुढे तीन तास घेतले. तेच आज तुमच्यापुढे मांडतोय. आमच्यावर अन्याय झाला का? आणि झाला असेल तर तो कोणी केला?

आधी भाग्यपत्रिकेचं गणित बघू. त्या स्पर्धेत ११ संघ होते आणि पद्धत बाद होती, म्हणजे हरला तो बाहेर. बाद पद्धतीत संघांच्या संख्येपेक्षा एक कमी इतके सामने होतात, कारण विजेता सोडून प्रत्येकाला एकदाच हरायचं असतं. म्हणजे इथे १०. पण ११ ला निम्मं करत गेलं तर गाडी अडते. म्हणून २ च्या घातांकातली पुढची संख्या घ्यायची, १६, आणि त्यातून ११ वजा करायचे. उरले ५. पाच संघांना पहिल्या फेरीत न खेळता पुढे चाल मिळते. ती कोणत्या जागांना द्यायची याचाही क्रम ठरलेला आहे: पहिली खालच्या भागातल्या शेवटच्या संघाला, दुसरी वरच्या भागातल्या पहिल्याला, तिसरी खालच्या भागातल्या पहिल्याला, चौथी वरच्या भागातल्या शेवटच्याला. यात मनमानीला जागा नाही. कोणता संघ कोणत्या जागी जाणार, तेवढंच चिठ्ठी ठरवते.

आता मुलांना विचारा: अकराही संघ अगदी तोडीस तोड आहेत असं धरलं, तर प्रत्येकाची स्पर्धा जिंकण्याची शक्यता किती? बहुतेक जण सांगतात, ११ पैकी १. चूक! पुढे चाल मिळालेल्याला तीन सामने जिंकायचे आहेत, म्हणजे ८ पैकी १. ज्याला मिळाली नाही त्याला चार, म्हणजे १६ पैकी १. बरोबर निम्मी. (पडताळा करून घ्या. पाच संघांचे १६ पैकी १० भाग, सहा संघांचे ६ भाग, बेरीज १६.) आणि यात थकवा मोजलेलाच नाही.

म्हणजे चिठ्ठी काढताना कोणीही लबाडी केली नाही, तरी चिठ्ठी निघाल्यावर सगळे सारखे राहिले नाहीत. चिठ्ठी प्रामाणिक होती, पण पद्धतीतच असमानता होती. आपल्या भाषेत या दोन्ही गोष्टींना आपण सरसकट 'अन्याय' म्हणतो आणि मग कोणावर तरी संशय घेतो. पालकांनो, ही सवय मुलं आपल्याकडूनच उचलतात हो.

दुसरा प्रश्न अपेक्षांचा. आमच्याकडून अपेक्षा नव्हती, मग एक सामना जिंकला म्हणजे आम्ही अपेक्षा खोट्या ठरवल्या का? एका सामन्यावरून हे सांगता येत नाही. त्यासाठी मी मुलांना आपल्या बालेवाडीतलं उदाहरण दिलं, एफसी पुणे सिटीचं. आज हा संघ नाही. २०१९ मध्ये तो बंद झाला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. पण त्याचा २०१७-१८ चा इंडियन सुपर लीगचा मोसम वर्गात शिकवण्यासारखा आहे.

आधीच्या तीन मोसमांत पुणे एकदाही पहिल्या चारांत आला नव्हता. २०१६ मध्ये १४ सामन्यांत १६ गुण आणि आठ संघांत सहावा क्रमांक. नुसता हा तक्ता बघितला तर पुढच्या वर्षीही सहावा-सातवाच येईल असं वाटणार. प्रत्यक्षात १८ सामन्यांत ३० गुण आणि दहा संघांत चौथा! सामन्यामागे गुण काढा: आधी साधारण १.१४, नंतर १.६७. सामन्यांची संख्या वेगळी असताना नुसते गुण शेजारी ठेवून चालत नाहीत, भागाकार करावाच लागतो. सरासरीचा धडा यापेक्षा चांगला कुठे मिळणार?

मग ही उडी चमत्कार होती का? मला तसं वाटत नाही. मोसमाआधी संघाने मार्सेलिन्योला घेतलं होतं, आधीच्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा खेळाडू. शिवाय नॉर्थईस्टकडून खेळलेला अल्फारो आला होता. या दोघांनी मिळून त्या मोसमात १७ गोल केले. म्हणजे संघाने अपेक्षा मोडली हे अर्धंच खरं. आपली अपेक्षाच जुन्या निकालावर बेतलेली होती, नव्या संघावर नाही. वर्गातसुद्धा आपण हेच करतो ना? मागच्या वर्षीचे गुण बघून पोराला 'मध्यम' ठरवून मोकळे होतो.

आता याच मोसमातले पुण्याचे पहिले दोन सामने बघा. पहिला घरच्या मैदानावर, दिल्लीकडून २-३ ने हार. चार दिवसांनी कोलकात्यात जाऊन गतविजेत्या एटीके संघाला ४-१ ने हरवलं. त्या आठवड्यात कोणीही म्हटलं असतं की दिल्ली भारी आणि पुण्याने तर वाघ मारला. मोसम संपला तेव्हा दिल्ली आठवी होती आणि एटीके नववं! सुरुवातीला कोण समोर येतं यावर पहिल्या महिन्याचा तक्ता अवलंबून असतो. शेवटी मात्र तो खरा बोलतो, कारण तोपर्यंत प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा खेळलेला असतो, एकदा घरी आणि एकदा दारी. दहा संघ, ९० सामने, प्रत्येकाचे नऊ घरी आणि नऊ बाहेर.

इंग्लंडच्या लेस्टर सिटीची गोष्ट मुलांना ठाऊक असतेच. आधीच्या मोसमात चौदावा आलेला संघ २०१५-१६ मध्ये विजेता झाला, मोसमाआधी त्याच्यावर एकास पाच हजार असा भाव होता. ती गोष्ट भक्कम का? तर तिच्यामागे ३८ सामने आहेत. प्रत्येकाशी दोनदा खेळून ८१ गुण मिळवले आणि फक्त तीन सामने हरले. तिथे 'सोपे लॉट्स मिळाले' असं म्हणायला तोंडच उरत नाही.

पुण्याकडे परत येतो, कारण पुढचा भाग आमच्या पोरांना फार लागला. गोवा आणि पुणे, दोघांचेही ३० गुण, पण गोवा तिसरा आणि पुणे चौथा. त्यामुळे उपांत्य फेरीत पुण्यापुढे आला थेट अव्वल बेंगळुरू. घरी ०-०, तिकडे १-३, सुनील छेत्रीची हॅटट्रिक, संपलं. बेंगळुरूने साखळीत ४० गुण मिळवले होते, दुसऱ्या क्रमांकाच्या चेन्नईपेक्षा आठ जास्त. आणि अंतिम सामन्यात, स्वतःच्याच मैदानावर, त्याच चेन्नईकडून ते २-३ ने हरले. १८ सामन्यांत सिद्ध झालेलं श्रेष्ठत्व ९० मिनिटांत पुसलं गेलं. "सर, मग खरा विजेता कोण?" असं एका मुलाने विचारलं. मी उत्तर दिलं नाही. एवढंच सांगितलं की २०१९-२० पासून साखळीत अव्वल येणाऱ्या संघाला वेगळी ढाल द्यायला लागले. म्हणजे हा प्रश्न मोठ्या माणसांनाही पडला होता!

मग तालुक्याला साखळी का घेत नाहीत? साधं कारण आहे. ११ संघांची एकेरी साखळी म्हणजे ५५ सामने. एक मैदान, पावसाचे दिवस, दोन-चार पंच, आणि मुलांना परत सोडायला गाडी. बाद पद्धत वेळेची गरज म्हणून येते, याबद्दल आयोजकांना दोष देण्यात अर्थ नाही. पण जिल्ह्याला जाण्यासाठी नाही, तर मुलांना भरपूर सामने मिळावेत म्हणून शाळाशाळांनी आपसात छोटी साखळी खेळायला काय हरकत आहे?

म्हणून तिसऱ्या तासाला फळ्यावर सहा कल्पित संघ मांडले: १ शिरूर, २ न्हावरे, ३ रांजणगाव, ४ दौंड, ५ पाटस, ६ केडगाव. एकाला जागेवर ठेवायचं आणि बाकीच्यांना गोल फिरवायचं. पहिली फेरी १-६, २-५, ३-४. दुसरी १-५, ६-४, २-३. तिसरी १-४, ५-३, ६-२. चौथी १-३, ४-२, ५-६. पाचवी १-२, ३-६, ४-५. पाच फेऱ्या, १५ सामने, आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ एकदाच. सहावी-सातवीची मुलंसुद्धा हे स्वतः करतात, फक्त खडू त्यांच्या हातात द्या.

आणखी एक काम करून घेतलं. कल्पित साखळीऐवजी शाळेतल्या सहा गटांची खरी साखळी लावली आणि सामने सुरू होण्याआधी प्रत्येकाला अंदाजे क्रमवारी कारणासह कागदावर लिहायला लावली. ते कागद पाकिटात बंद करून कपाटात ठेवले आहेत. निकाल लागल्यावर "मला आधीच माहीत होतं" म्हणायची सोय नको.

फळ्यावरच्या त्या वेळापत्रकावर मात्र अजून वाद चालू आहे. १५ पैकी सहा सामने तालुक्यातल्या तालुक्यात होतात, नऊ सामने शिरूर विरुद्ध दौंड. म्हणजे न्हावरे-चौफुला रस्त्याने नऊ वेळा कोणीतरी प्रवास करणार. नवाचे दोन समान भाग होत नाहीत, एका तालुक्याला एक सामना घरी जास्त मिळणारच. एकजण म्हणाला, टॉस करा. दुसरा म्हणाला, यंदा तुमच्याकडे, पुढच्या वर्षी आमच्याकडे. कर्णधार म्हणतो, भीमेच्या काठावर मध्येच कुठेतरी मैदान शोधा. त्या दोन गावांची नावं फळ्यावर तशीच आहेत, मैदानाची जागा रिकामी.